वर्तकबाईंचं 'वेट'चं कार्ड

बाई गेल्याचं मला पेपरातून कळलं नाही, एवढं एकच समाधान माझ्या पदरात आहे. मधली अकरा वर्षं मी ज्या तऱ्हेने वागले ते बघता खरं तर तसंच कळायला हवं होतं. पण त्या जायच्या दोन महिने आधी मी त्यांना भेटून आले होते. ते कसं झालं तेच सांगायला बसले आहे, पण बाईंचं काही सांगायचं म्हटलं की भलतंच काहीतरी आधी आठवतं. त्यांची बांधलेल्या केसांत खोचलेली पेन्सिल आठवते, आणि ती पेन्सिल शोधत त्यांनी सगळं ऑफिस डोक्यावर घेतलेलं आठवतं.

इंदुमती वर्तक हे त्यांचं नाव. आमच्या इंग्रजी-मराठी कोशाच्या ऑफिसात सगळे त्यांना वर्तकबाई म्हणत, मी नुसतंच बाई म्हणायचे. ऑफिस नारायण पेठेत, एका छापखान्याच्या वर. मी तिथे टायपिंगला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. घर कळसला, विश्रांतवाडीजवळ. आमची जमीन तोवर बिल्डरकडे गेली होती, तरी आई स्वतःला शेतकरीणच म्हणायची आणि गॅलरीतल्या डब्यांत कोथिंबीर लावायची. घरात इंग्रजी वाचणारी मी पहिली, आणि तेही टायपिंगच्या परीक्षेपुरतं.

पहिल्या दिवशी बाईंनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "'गेट' म्हणजे काय? फाटक नव्हे, क्रियापद."

मी म्हटलं, "मिळणे."

"असं कोण म्हणतं?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकाला तोंड नसतं. तू कुणाच्या तोंडून ऐकलंस? 'मला पगार मिळणे' असं म्हणतं का तुमच्याकडे कुणी?"

मी मनात म्हटलं, ही नोकरी आपल्याला लाभत नाही. घरी जाऊन आईला सांगितलं, तिथे एक म्हातारी आहे, ती वेडी आहे. वास्तविक बाई तेव्हा म्हाताऱ्या नव्हत्या, छप्पन्न वर्षांच्या होत्या. आज मीही त्या वयाकडे झुकले आहे आणि मला कुणी म्हातारी म्हटलं तर मी त्याला सरळ करीन.

"असं कोण म्हणतं?" हा त्यांचा धोशा होता. आमच्या कोशाचं काम कार्डांवर चालायचं. पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड, वर इंग्रजी शब्द, खाली त्याचे मराठी अर्थ, आणि प्रत्येक अर्थाखाली एक मराठी वाक्य. इतर संपादक ही वाक्यं बसल्या जागी तयार करायचे. बाईंना ते चालायचं नाही. वाक्य कुणीतरी खरोखर बोललेलं पाहिजे, आणि कार्डाच्या कोपऱ्यात कोण बोललं, कुठे बोललं ते लिहिलेलं पाहिजे. एकदा एका संपादकांनी 'राम आंबा खातो' असं वाक्य दिलं. बाईंनी कार्ड परत केलं आणि वर चिठ्ठी लावली, 'हा राम मी दुसरीत असल्यापासून आंबाच खातो आहे. त्याला आता हात धुऊ द्यावेत.' ते संपादक आठवडाभर बाईंशी बोलले नाहीत. बाईंना त्याचा पत्ताही नव्हता.

वाक्यं गोळा करायला त्या कुठेही जायच्या. पिशवीत कोऱ्या कार्डांचा गठ्ठा असायचाच. मंडईत एकदा मी बरोबर होते. भाजीवाली शेजारणीला म्हणाली, "कालपासून जीव नुसता वरखाली होतोय बघ." बाई तिथेच थांबल्या. "हे पुन्हा म्हणता का?" भाजीवालीने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. म्हणाली, "बाई, मेथी घ्यायची तर घ्या, माझ्या जिवाला कशाला हात घालताय?" बाईंनी तेही वाक्य लिहून घेतलं, आणि मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. निवडायला मला दिल्या.

त्यांचा जीव साध्या क्रियापदांवर होता. गेट, पुट, टेक, कीप, गो. मोठ्या शब्दांची त्यांना फिकीर नसायची. "ते परीक्षेला येतात," म्हणायच्या, "त्यांना सांभाळायला पोरं आहेत, क्लासवाले आहेत. हे रोज राबणारे शब्द आहेत ना, यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. सगळ्यांना वाटतं, आपल्याला येतात." नुसत्या 'टेक' या एका शब्दावर त्यांनी सात महिने घालवले. आमचे प्रधान संपादक भाऊसाहेब दर सोमवारी विचारायचे, "काय वर्तकबाई, टेक झालं का?" बाई म्हणायच्या, "इंग्रजांचं अजून घेऊन झालेलं नाही, मी काय करू?" भाऊसाहेबांना हसू यायचं, पण ते हसायचे नाहीत. प्रधान संपादकाने हसू नये असं त्यांचं मत होतं.

बाई ऑफिसात जितक्या कडक, तितक्याच बाहेर मोकळ्या. लग्न केलेलं नव्हतं, भाऊ नाशिकला. शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. साडेपाचला ऑफिस सुटलं की आम्ही दोघी पायी निघायचो. मला मनपाच्या स्टॉपवरून बस, वाटेत त्यांचं घर. अर्धा तास तिथे टेकायचं आणि मग बस गाठायची, असं ठरूनच गेलं होतं. त्या अर्ध्या तासात त्यांनी मला इंग्रजी शिकवलं, मराठी तर शिकवलंच, आणि जगाशी कसं भांडावं तेही शिकवलं. माझ्या लग्नाचं बघायला आले तेव्हा मुलाने विचारलं, शिक्षण काय? मी म्हटलं, वर्तकबाई. त्याला काही कळलं नाही. लग्न जमलं मात्र.

ऑफिसात एक पाटी होती, बाईंच्याच अक्षरातली. 'कार्डे घरी नेऊ नयेत. घरी नेलेले कार्ड व उसना दिलेला चाकू परत येत नाही.' या नियमाला माफी नव्हती. खुद्द भाऊसाहेबांनी एकदा रविवारी बघू म्हणून चार कार्डं खिशात टाकली, तर बाई जिन्यात आडव्या उभ्या राहिल्या. "खिसा रिकामा करा, मग जा." आणि भाऊसाहेबांनी केला, सगळ्या स्टाफसमोर. ते त्यांनी मनात ठेवलं असणार, हे मला फार उशिरा कळलं.

असं करत करत नऊ वर्षांनी आम्ही डब्ल्यूला पोचलो. छापखाना तगादा लावून बसला होता, आणि बाई 'वेट'पाशी अडल्या.

आधीच्या कुणीतरी कार्डावर लिहिलं होतं, '१. थांबणे. २. वाट पाहणे.' बाईंना ते सोसेना. "थांबणं आणि वाट पाहणं एका ओळीत कसं बसवलं या गृहस्थाने? थांबायला नुसते पाय लागतात. सिग्नलला रिक्षा थांबते, ती काय कुणाची वाट पाहते?" मग त्यांनी इंग्रजीचे ते जाडजूड खंड काढले आणि चार दिवस त्यांत डोकं घालून बसल्या. पाचव्या दिवशी साडेपाचला, चपला घालता घालता, त्या मला सांगायला लागल्या. घर येईपर्यंत सांगत होत्या, आणि घर आल्यावर खाली फाटकाशी उभ्या राहून पुढचं सांगितलं.

"अगं सुनंदा, हा शब्द मूळचा इंग्रजांचा नाहीच. जुन्या फ्रेंचमधून आला, उत्तरेकडच्या बोलीतून. आणि फ्रेंचांनी घेतला तो जर्मन टोळ्यांकडून. 'वॉच' आणि 'वेक' हे त्याच्या भाऊबंदांतले. आलं का लक्षात? आधी त्याचा अर्थ थांबणं नव्हताच. जागं राहणं, पहारा करणं, शत्रूवर नजर ठेवणं. एखाद्यावर दबा धरून बसणं म्हणजे 'वेट'. गावच्या पहारेकऱ्यांनाच 'वेट्स' म्हणायचे तिकडे. शिंगं वाजवत फिरायचे. पुढे पहारा गेला आणि वाजवणं तेवढं राहिलं. मग अर्थ मवाळ होत होत कुणाच्या तैनातीला हजर राहणं झाला, म्हणून हॉटेलातला वेटर. आणि सगळ्यांत शेवटी आपलं हे, कुणी येईल म्हणून बसून राहणं."

मी म्हटलं, "म्हणजे मूळ अर्थ बघणं?"

बाई अशा काही खूश झाल्या! "बरोब्बर! त्यांनी शेवटी विसरून टाकलं, आपण विसरलो नाही. आपण अजून वाट *पाहतो*. कान नाही, पाय नाही, डोळे. हे कार्डावर आलं पाहिजे. आता मला वाक्य पाहिजे. डोळ्यांचं वाक्य. पण तयार केलेलं नको."

पुढचे तीन आठवडे त्यांनी त्या एका वाक्यासाठी पुणं पालथं घातलं. बसस्टॉपवर उभ्या राहिल्या, दवाखान्याच्या बाकांवर बसल्या, विमानतळावर जाऊन आल्या. लोक 'वेट करतोय' म्हणत होते. "मी वेट करतेय, तू ये ना यार." बाई कपाळाला हात लावून परत यायच्या. छापखाना ओरडत होता. भाऊसाहेब म्हणाले, "वर्तकबाई, एका शब्दासाठी अख्खा खंड अडलाय." बाई म्हणाल्या, "अडू दे. त्याचा अर्थच तो आहे."

शेवटी वाक्य मिळालं ते माझ्या माहेरी, कळसला. माझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता, बाईंना बोलावलं होतं. त्यांना आणायला मीच गेले आणि बसच्या गोंधळात आम्हाला यायला दीड तास उशीर झाला. आई दारातच उभी. पाहुण्याबाईंचंही भान नाही, माझ्यावर तुटून पडली, "हाय कुठं तू? तुझी वाट बघून बघून डोळं शिणलं माझं!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि बाई? बाई पिशवीत हात घालून कार्ड काढत होत्या. तिथेच उंबऱ्यात उभ्या राहून त्यांनी ते लिहिलं. आईला म्हणाल्या, "वहिनी, हे तुमचं वाक्य मी पुस्तकात घालणार. चालेल ना?" आई गांगरली. म्हणाली, "मी शिव्या तर न्हाई ना दिल्या?" मग कळल्यावर दिवसभर ज्याला त्याला सांगत सुटली, की आपलं बोलणं पुस्तकात छापून येणार हाय, इंग्रजीच्या.

सोमवारी बाईंनी नवं कार्ड पूर्ण केलं. वर शब्द, मग पहाऱ्याची सगळी कथा चार ओळींत, मग अर्थ, आणि खाली 'तुझी वाट बघून बघून डोळं शिणलं माझं.' कोपऱ्यात बारीक अक्षरात, 'सुनंदाची आई, कळस.' डब्ल्यूचं राहिलेलं शेवटचं कार्ड तेच. संध्याकाळी पाचला त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "हे टाइप केलंस की सुटलो." आणि त्या दिवशी नाशिकला जायचं म्हणून लवकर निघून गेल्या.

आता माझं ऐका. कार्ड टाइप झालं की वहीत खूण करायची अशी पद्धत होती. मी खूण केली. म्हटलं, उद्या सकाळी आल्याबरोबर टाइप करू, एकच तर आहे. आणि ते कार्ड पर्समध्ये घातलं. नियम मला माहीत होता. पाटी माझ्या डोक्यावरच होती. पण आईला तिचं नाव दाखवायचं होतं हो. तिला वाचता येत नव्हतं, पण बोट ठेवून दाखवलं असतं, हे बघ, हे 'आई', हे 'कळस'. एका रात्रीचा तर प्रश्न.

त्या रात्री माहेरीच राहिले, आईला दाखवलं. तिने पदराने पुसून बघितलं. सकाळी मला ताप. चार दिवस अंथरुणात होते. पाचव्या दिवशी ऑफिसला गेले तर वहीत खूण होती, म्हणजे काम झालेलं. माझ्याही डोक्यात तेच बसलं. खूण बघितली आणि पुढच्या कामाला लागले. छापखान्याला सगळं गेलं. नऊ वर्षांची माझी सवय, खुणेवर विश्वास ठेवायची, तीच नडली.

प्रकाशनाला आठ दिवस राहिले होते. कोशाची पानं छापून बांधणीला गेली होती, फक्त सुरुवातीची पानं, प्रस्तावना आणि संपादकांची नावं, मशीनवर चढायची होती. ती नेहमी शेवटीच छापतात. भाऊसाहेबांकडे एक निवृत्त हेडमास्तर आले होते, पानं चाळत होते. सहज म्हणाले, "भाऊसाहेब, तुमच्याकडे वेस्टकोट आहे, वेटर आहे, पण वेट कुठे दिसत नाही?"

सगळं ऑफिस जमलं. एकामागून एक सगळ्यांनी त्या पानावर बोट फिरवलं. कुणाला न लागणारे जहाजांच्या दोरखंडांचे शब्द होते. आणि 'वेट' नव्हतं. मी पाणी प्यायला म्हणून उठले आणि तशीच रिक्षा करून कळस गाठलं. कार्ड देव्हाऱ्यात होतं. आईने हळदकुंकू लावून देवांच्या मागे उभं करून ठेवलं होतं. म्हणाली, "तूच नव्हं का दिलं?"

परत आले तेव्हा बाई जिन्यात भेटल्या. आत भाऊसाहेबांचा आवाज चढला होता. मी कार्ड पुढे केलं. बाईंनी त्यावरचं कुंकू बघितलं. क्षणभर त्यांना हसू आल्यासारखं वाटलं मला. मी रडायला लागले. म्हटलं, "बाई, मी आत जाऊन सांगते."

"गप्प बस. तुला अजून वीस-पंचवीस वर्षं नोकरी करायची आहे. मला काय करतील? फार तर घरी पाठवतील. तिथे मी रोज जातेच."

आणि कार्ड माझ्या हातातून घेतलं, पदराने कुंकू पुसलं, आणि आत गेल्या. मी दारात उभी होते. बाईंनी ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडे होतं. घरी नेलं होतं, राहून गेलं."

भाऊसाहेब काय बोलले ते मी लिहिणार नाही. त्या पाटीकडे बोट करून बोलले, एवढं सांगते. सगळ्या स्टाफसमोर. बाईंनी मान खाली घातली नाही, पण उत्तरही दिलं नाही. ज्या बाईंना उत्तर सुचलं नाही असं नऊ वर्षांत एकदाही झालं नव्हतं, त्या गप्प उभ्या होत्या. आणि मी दारात. मी एक शब्द बोलले नाही. मला तेव्हा सात महिन्यांचं मूल होतं, नवऱ्याची कंपनी बंद पडली होती, ही सगळी कारणं खरी आहेत. तरीही.

संपादकांच्या नावांत 'सहसंपादक, इंदुमती वर्तक' असं यायचं होतं. ते पान छापायचं होतंच, त्यातून नाव काढलं. सोळा वर्षांचं काम होतं बाईंचं. 'वेट' शुद्धिपत्रात गेलं, भाऊसाहेबांनी स्वतः लिहिलं, '१. थांबणे. २. वाट पाहणे.' पहाऱ्याची कथा नाही, आईचं वाक्य नाही. प्रकाशनाला बाई आल्या होत्या, मागच्या रांगेत बसल्या, आणि पहिल्या तारखेपासून ऑफिसला येऊ नका असं त्यांना कळवण्यात आलं.

त्यानंतर मी त्यांच्या घरी गेले नाही.

आधी वाटलं, दोन दिवस जाऊ देत. मग वाटलं, काय तोंडाने जाऊ? भाऊसाहेबांना खरं सांगेन आणि मगच जाईन, असं ठरवलं. सांगणं झालं नाही, म्हणून जाणंही झालं नाही. साडेपाचला मी दुसऱ्या रस्त्याने मनपाला जायला लागले. लांबचा रस्ता, पण त्यांचं घर लागत नाही. दिवाळीत फोन करायचे, तोही दोन मिनिटं. बाई विचारायच्या, "कशी आहेस?" मी म्हणायचे, "बरी आहे बाई, गडबडीत आहे." पुढे तोही सुटला. मात्र ऑफिसात कुणी एखादा अर्थ सुचवला की माझ्या तोंडून निघायचं, "असं कोण म्हणतं?" आणि मग दिवसभर कशात लक्ष लागायचं नाही. किती आठवण यायची ते सांगता येणार नाही. पुण्यातल्या पुण्यात, वीस मिनिटांच्या अंतरावर असलेल्या माणसासाठी जीव इतका तुटू शकतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

भाऊसाहेब वारले. आई गेली. गेल्या वर्षी कोशाचं ॲप करायचं ठरलं. नव्या संपादक मॅडमनी एका कंपनीला काम दिलं, तिथला तन्मय नावाचा इंजिनिअर लॅपटॉप घेऊन यायचा. गुणी मुलगा. एक दिवस म्हणाला, "मॅम, डेटामध्ये एक इश्यू आहे. 'वेट' सर्च केलं की नो रिझल्ट येतंय. एवढा बेसिक वर्ड मिसिंग कसा?" कुणीतरी हसत त्याला सांगितलं, "अरे, ती जुनी गोष्ट आहे. एक बाई होत्या इथे. लोकांना नियम शिकवायच्या आणि स्वतःच कार्ड घरी घेऊन गेल्या." तन्मयही हसला. म्हणाला, "सीरियसली? लोल."

मी उठले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "त्या बाईंनी नाही नेलं. मी नेलं होतं. माझ्या आईला दाखवायला." एकदा तोंड उघडल्यावर थांबताच येईना. नियम, पाटी, ताप, खूण, देव्हारा, जिना, सगळं सांगितलं. मॅडम ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सुनंदाताई, मूळ कार्ड आहे का?" मी कपाट उघडलं. भाऊसाहेबांनी फेकलेलं ते कार्ड मी त्याच दिवशी उचलून ठेवलं होतं. मॅडमनी ते वाचलं, दोनदा वाचलं. म्हणाल्या, "हे असंच घालायचं. आणि सहसंपादक म्हणून त्यांचं नाव पहिल्या पानावर. तुम्हीच कळवा त्यांना."

अकरा वर्षांनी मी शनिवार पेठेतला तो जिना चढले. बाई खूप वाळल्या होत्या. दारात मला बघून बाजूला झाल्या, म्हणाल्या, "ये. चपला आत काढ, बाहेरून जातात हल्ली." जणू कालच येऊन गेले होते. मी बसले नाही, उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं. नाव परत येणार, कार्ड जसंच्या तसं जाणार, सगळ्यांना खरं कळलंय.

बाई ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "बरं झालं. वहिनींचं वाक्य गेलं होतं त्याची रुखरुख होती. आहेत ना त्या?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"बाई, तुमचं नाव—"

"नावाचं काय घेऊन बसलीस? नाव गेलं ते मीच दिलं होतं, कुणी लुबाडलं नव्हतं. विसरलेसुद्धा." मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "तू यायची बंद झालीस ना, त्याचा हिशेब मला लागला नाही. पहिलं वर्षभर साडेपाचला दार लोटून ठेवायचे. म्हटलं, मूल लहान आहे, येईल. मग वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. जिन्यात तुला 'गप्प बस' म्हटलं, ते लागलं असेल हिला."

देवा! अकरा वर्षं मी समजत होते की मी त्यांचं नाव घालवलं, म्हणून त्यांच्यासमोर जायची माझी लायकी नाही. आणि त्या बसल्या होत्या मला दुखावलं म्हणून. नाव गेलं होतं ते एका पानावरचं. रोजचा अर्धा तास मी घेऊन गेले होते, आणि त्यांच्याकडे तेवढंच तर होतं. मी खाली बसले आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. पंचेचाळिशीची बाई मी, हुंदके देऊन रडले. बाईंनी थोडा वेळ पाठीवरून हात फिरवला. मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पुरे आता. माझं लुगडं धुवायला टाकायचं नव्हतं आज."

उठून त्या ओट्याकडे गेल्या. भिंतीचा आधार घेत घेत गेल्या. चहाचं आधण ठेवलं, आलं किसायला घेतलं. मी उठायला लागले तर पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बस गं, करते मी." मी बसून त्यांच्याकडे बघत राहिले. पाठीला पोक आलं होतं, केसांत पेन्सिल नव्हती. साखरेच्या डब्यात चमचा घालून त्या थांबल्या.

"तुला दीड चमचा ना?"

डॉक्टरांनी साखर बंद करून मला चार वर्षं झाली होती.

"हो बाई," मी म्हटलं, "दीडच."